पाहुण्यासमोरचं शून्य

मंगोलियातल्या उलानबातर शहराच्या उत्तरेकडच्या टेकडीवर दुलमाच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. उभा जन्म तिनं ट्रॉलीबसवर कंडक्टर म्हणून काढलेला. नोकरी संपली, नवरा गेला, पण आवाज काही गेला नाही. वॉर्डाच्या कचेरीनं तिला गल्लीची प्रमुख नेमलं तेही त्या आवाजाकडे बघूनच. कुणाचा पोरगा प्यायला लागलाय, कुणाच्या म्हातारीचं पेन्शन अडकलंय, कुणाच्या कुंपणाच्या फळ्या रात्रीत शेजाऱ्याच्या चुलीत गेल्या, सगळं तिच्या जिभेवर असायचं.

त्या हिवाळ्यात कचेरीनं तिच्या हातात एक यंत्र दिलं. तळहाताएवढं, पिवळं, वर छोटी काच. सरकारनं साधा कोळसा बंद करून कोळशाच्या दाबलेल्या विटा आणल्याला फार दिवस झाले नव्हते. शहरावरचा धूर कमी झाला खरा, पण या विटा नीट पेटल्या नाहीत की त्यातून एक वायू निघतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस झोपतो तो उठतच नाही. खालच्या वस्तीत एक अख्खं घर असं झोपून राहिलं, तेव्हा कुठे साहेबलोकांना जाग आली, आणि गल्लीगणिक एक यंत्र वाटलं गेलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

काम सोपं होतं. घरात जायचं, बटण दाबायचं, यंत्र छातीच्या उंचीवर धरून जरा वेळ उभं राहायचं आणि आकडा वाचायचा. शून्य म्हणजे हवा चांगली. तिसाच्या वर आकडा गेला की ते किंचाळायला लागतं. ‘तिकीट फाडण्यापेक्षा सोपं आहे,’ असं दुलमा म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं गल्लीत निरोप फिरवला, की उद्यापासून दुपारी मी हवा मोजायला येणार आहे, कुत्री बांधून ठेवा.

ती दर घरी शून्य वाचत गेली. कुणाकडे चुकून चार, कुणाकडे सात. यंत्र कुठेच किंचाळलं नाही. आपली गल्ली शहाण्यांची आहे, असं तिनं कचेरीत छाती पुढे काढून सांगितलं.

अनुजिन तिला पाण्याच्या टपरीवर भेटली. बुतीदची सून. विशीतली पोर, सातवा महिना भरत आलेला, आणि थंडी अशी की पापण्यांवर बर्फ धरत होता. तिनं पाण्याचा कॅन ढकलगाडीवर चढवला आणि तिथेच गाडीचा दांडा धरून डोळे मिटून उभी राहिली. दुलमानं विचारलं, काय गं, बरं नाही का? तर म्हणाली, रोज सकाळी डोकं फुटायला येतं, पोटात ढवळतं, उठून चूल पेटवायला बसलं की भोवळ येते. दुपारी पाण्याला बाहेर पडलं की बरं वाटतं. नवरा तुवशिन सीमेवर कोळशाचा ट्रक घेऊन गेलेला, तो नव्या वर्षाच्या सणाला येणार. घरात सासू आणि ती, दोघीच.

‘ताई, आमच्याकडे ते यंत्र घेऊन याल?’ तिनं विचारलं. ‘आईंना सांगू नका मी बोलावलं म्हणून.’

दुलमानं ते नीट केलं. गल्लीच्या वरच्या बाजूला जायचंच होतं, असं दाखवून ती दुसऱ्या दिवशी दुपारी बुतीदच्या कुंपणाशी जाऊन ‘कुत्रं आवरा’ म्हणून ओरडली.

आता गेरमध्ये पाहुणा यायचा म्हणजे काय होतं, ते ज्यानं त्या लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल घरात चार हिवाळे काढलेत त्याला सांगायला नको. हाक ऐकू आली की घरची बाई आधी चुलीकडे वळते. धुराड्याच्या नळीत एक चकती असते. विस्तव रात्रभर धुमसत राहावा म्हणून ती आडवी केलेली असते, ती उभी होते. दोन काटक्या आत पडतात, जाळ भडकतो, चहाचं पातेलं चढतं. माथ्यावरची नमद्याची झापड दोरीनं सरकवली जाते, म्हणजे पाहुण्याच्या ताटावर उजेड पडावा. दार उघडतं, मिटतं, परत उघडतं. थंड चुलीनं पाहुण्याचं स्वागत करणारी बाई या टेकडीवर जन्माला यायची आहे.

बुतीदनंही तेच केलं. ती तशी वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकते. कष्टाळू, नेमाची, देवाधर्माची. फक्त सुनेच्या बाबतीत तिचं डोकं जरा तापट. तिनं दुलमाला घराच्या वरच्या बाजूला, मानाच्या जागी बसवलं, खारा दुधाचा चहा दोन्ही हातांनी दिला, तळलेल्या कडबोळ्यांची आणि वाळलेल्या दह्याच्या तुकड्यांची थाळी पुढे सरकवली. दुलमानं चहा संपवला, ओठ पुसले आणि यंत्र काढलं. चुलीजवळ धरलं, बिछान्यांवर धरलं, दारापाशी धरलं. अनुजिन भांडी पुसता पुसता थांबली आणि त्या काचेकडे बघत राहिली.

शून्य.

‘शून्य म्हणजे?’ बुतीदनं विचारलं.

‘म्हणजे हवा झक्क आहे. काही नाही.’

‘यंत्र चुकत तर नाही ना?’

दुलमाला असं कुणी विचारलेलं आवडायचं नाही. ‘माणसं खोटं बोलतात, ताई,’ ती म्हणाली. ‘यंत्र खोटं बोलत नाही.’

कसलं बोलून गेली बाई. बुतीदनं ते वाक्य जमिनीवर पडू दिलं नाही. तिनं सुनेकडे एकदा बघितलं आणि दुलमाला दुसरा चहा ओतला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजकालच्या पोरींना पोटुशी राहिलं की आकाश कोसळतं. आपण सहावा महिना असताना मेंढ्यांची वीण काढलीय. हिला सकाळी चूल पेटवायची म्हटलं की डोकं दुखतं, आणि बाहेर पाण्याला गेली, चार जणी भेटल्या, की लगेच बरं वाटतं. असलं कसलं दुखणं, जे घड्याळ बघून येतं? दुलमा हसली. तिच्या हसण्यात काही वाकडं नव्हतं, पाहुणा हसतो तसं ती हसली. अनुजिन ताट घेऊन बाहेर निघून गेली.

त्यानंतर त्या घरात पोरीनं कपाळाला हात लावला रे लावला, की सासू म्हणायची, शून्य. तेवढाच एक शब्द. शेजारणीही गमतीनं म्हणू लागल्या, काय सूनबाई, आज शून्य का? बोलणाऱ्याचं काय जातं, ऐकणाऱ्याचा जीव जातो.

अनुजिन पुन्हा टपरीवर भेटली तेव्हा तिचा चेहरा कणकेसारखा पांढरा होता. या वेळी तिनं आडून काही सांगितलं नाही. ‘ताई, तुम्ही दुपारी येता,’ ती म्हणाली. ‘सकाळी या. आई उठायच्या आधी या. दुपारी घरात काही नसतंच.’

दुलमाला राग आला. पोर खरं बोलत असेल, हे तिच्या मनातच आलं नाही. आली ती शंका वेगळीच, की ही पोर मला सासू-सुनेच्या भांडणात ओढायला बघतेय. लोकांच्या घरात, लोक अंथरुणात असताना, मी चोरासारखी शिरू काय, असं ती म्हणाली. कचेरीचा नियम दुपारचा आहे. आणि पहिलटकरणीला सकाळी मळमळ होणार नाही तर काय मला होणार? वर तिनं आपलं ते वाक्य परत एकदा ऐकवलं. अनुजिननं मान डोलावली आणि गाडी चढावर ढकलायला लागली. तिनं पुन्हा काही मागितलं नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी गत. सगळ्या गल्लीची हवा मोजणाऱ्या बाईनं स्वतःच्या घराची कधी मोजलीच नव्हती. एकट्या बाईच्या घरी कोण पाहुणा येतो? वर्ष सरत आलं, अग्नीच्या पूजेचा दिवस आला. दुलमानं मेंढीचं छातीचं हाड लोणी लावून चुलीत अर्पण केलं, घराची बरकत राहो म्हणून हात जोडले, आणि चकती आडवी करून झोपली. सकाळी उठली तर डोकं जड. पूजेच्या वेळी जास्त चरबी खाल्ली, असं तिला वाटलं. अंगरखा ओढताना खिशातलं यंत्र हाताला लागलं आणि तिनं सहज, चाळा म्हणून, बटण दाबलं.

ते किंचाळलं.

दुलमा इतकी दचकली की तिनं ते बिछान्यावर टाकलं. उचलून बघितलं तर त्रेचाळीस. यंत्र बिघडलं म्हणून तिनं त्याला दोन शिव्या घातल्या. मग रोजच्या सवयीनं झापड सरकवली, चकती उभी केली, काटक्या टाकल्या, पातेलं चढवलं, दार उघडून कुत्र्याला हाड टाकलं. परत येऊन बघते तर आकडा उतरत चाललेला. चहाला उकळी फुटेपर्यंत काचेवर शून्य होतं.

तो चहा तिनं तसाच सोडून दिला. ती चुलीपुढे बसून राहिली आणि एकेक घर तिच्या डोळ्यांपुढून गेलं. प्रत्येक घरात भडकलेला जाळ, उकळता चहा, उघडी झापड. आपण हवा मोजली ती पाहुण्याची. त्या घरात राहणाऱ्या माणसांची हवा आपण एकदाही मोजली नाही. आणि हे त्या पोरीनं आपल्याला पाण्याच्या टपरीवर उभं राहून, सरळ चार शब्दांत सांगितलं होतं. दुलमाला स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ती तशीच उठून बुतीदकडे गेली. पण गेली कधी, तर पूजेच्या दुसऱ्या दिवशी. अग्नीची पूजा झाली की तीन दिवस घरातून काही बाहेर जात नाही. विस्तव नाही, दूध नाही, चुलीतली राखसुद्धा नाही. राखेबरोबर घराची बरकत जाते. एरवी या नेमानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. लाकडाची आणि शेणाची राख ती केवढी असणार? या विटांची राख मात्र घमेल्यानं निघते. बुतीदच्या चुलीत ती जाळीपर्यंत भरून आली होती, खालून हवा जायला बोटभर फट उरली नव्हती. दुलमाला ते दारातूनच दिसलं.

पाहुणी आली म्हणून बुतीदनं जाळ केला, चहा टाकला, झापड उघडली. यंत्रावर शून्य आलं. दुलमानं ते खिशात घातलं आणि समजवायला बसली. हे शून्य खरं नाही, माझ्या घरी सकाळी काय झालं ते ऐका, रात्री चकती बंद करू नका, आणि ती राख आधी काढा.

‘राख काढू?’ बुतीद म्हणाली. ‘आज?’

‘काढा, ताई.’

‘तुझी काढलीस?’

 दुलमाची राख तिच्या चुलीत तशीच होती. सकाळी एवढं सगळं कळल्यावरही तिनं राखेला हात लावला नव्हता, तसं काही तिच्या मनातच आलं नव्हतं. जी गोष्ट स्वतः करायला हात धजावत नाही, ती दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायची?

तेवढ्यात अनुजिन बोलली. ती दाराजवळ, सुनेच्या जागी बसली होती. ‘आई, मी रात्रीपुरती दुलमाताईंकडे झोपू का?’

बुतीद रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, दुलमाला भांडता आलं असतं. ती मऊ आवाजात म्हणाली, ‘पोरी, या दिवसांत घरातून राख जात नाही, आणि तू माझं नातवंड घेऊन उंबऱ्याबाहेर झोपायला जाणार? या घराची बरकत दुसरी कुठली आहे?’ मग ती दुलमाकडे वळली. ‘तूच सांग गं तिला.’

दोघी तिच्याकडे बघत होत्या. यंत्र इथेच ठेवून जावं, असं दुलमाच्या मनात येऊन गेलं. पण ठेवलेली वस्तू तीन दिवस बाहेर निघायची नाही, आणि ती तर दुसऱ्या पहाटेपासून दारोदार जाऊन पुन्हा मोजायचं ठरवून बसली होती. शिवाय सण तोंडावर, बाईचं पहिलं नातवंड, दुसऱ्याच्या घरचा नेम. दोन रात्रींचा तर प्रश्न.

‘परवा ये,’ ती अनुजिनला म्हणाली. ‘तीन दिवस संपले की ये. पाहिजे तितकं राहा.’

जाताना तिनं बुतीदकडून चकती अर्धी उघडी ठेवायचं कबूल करून घेतलं. बुतीद ‘बरं, बरं’ म्हणाली. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून म्हटलेलं ते ‘बरं’ होतं. दुलमानं ते ओळखलं, आणि तरी पदरात पाडून घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमारास ती बाहेर पडली. टेकडीवरच्या सगळ्या धुराड्यांतून धूर निघत होता, एका सोडून. बुतीदचं कुत्रं भुंकलं नाही, ते कुंपणाच्या आत बुतीदच्या अंगाला चिकटून बसलं होतं. ती शौचाला म्हणून उठली असावी. संडासापर्यंतही पोचली नव्हती, बर्फात आडवी झाली होती. एका पायातला बूट निघालेला. दुलमानं तिच्या नाकाशी गाल नेला, श्वास होता. आरडाओरडा करून तिनं शेजारी गोळा केले, बुतीदला कातड्यात गुंडाळलं, चोळलं. आणि मग तिला एकदम कळलं, की इतका गलका होऊनही आतून सून बाहेर आली नाही.

अनुजिन बिछान्यात होती, कुशीवर, दोन्ही हात पोटाखाली. गाल गुलाबी. इतके दिवस पांढरीफटक पडलेल्या पोरीच्या गालांवर रंग आला होता. एका शेजारणीला ती झोपलीच आहे असं वाटलं आणि तिनं तिला हाक मारली. चुलीत राख तशीच होती, आणि नळीतली चकती पूर्ण आडवी.

डॉक्टरांनी वायूच सांगितला. एकाच हवेत एक वाचते आणि एक जाते ती कशी, तर जिच्या पोटात मूल आहे तिला आणि त्या मुलाला हा वायू आधी धरतो, आणि बुतीद वेळेवर बाहेर पडली. पण बुतीदला ते काही केल्या पटेना. दवाखान्यातून ती पायाची दोन बोटं गमावून आली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगू लागली: वायू असता तर मी जिवंत राहिले असते का? आमच्या घरात वायू नव्हताच. दुलमानं मोजलाय. एकदा नाही, दोनदा. पोरीचं काळीजच कच्चं असणार. दुलमाला विचारा.

आणि लोक दुलमाला विचारत होते. खरं सांगायचं तर एक मन तिला सांगत होतं, की हो म्हण. शून्यच होतं, यात खोटं काय? म्हातारीला तेवढाच आधार, आणि आपल्यालाही. पण तुवशिन आला. ट्रकवरून तसाच आलेला, सात रात्री न झोपल्यासारखे डोळे. त्यानं एकच विचारलं, ‘ताई, फोनवर ती मला म्हणायची डोकं दुखतं. आई म्हणायची ढोंग करते. मी कुणाचं खरं धरायचं?’



त्या घरात नव्या वर्षाचं ताट लागलं नाही. पोरीला माती दिल्यावर लोक भेटायला येत होते, दूध घेऊन, चहापत्ती घेऊन. दुलमा गेली तेव्हा गेर माणसांनी भरलं होतं. चूल ढणढण पेटलेली, पातेलं उकळत होतं, दाराची उघडमीट चालू होती. तिला बघताच बुतीद भिंतीला टेकलेली सरळ झाली.

‘आलीस? बरं झालं. दाखव या सगळ्यांना. काढ तुझं यंत्र.’

दुलमानं काढलं. बटण दाबलं. बुतीदनं ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि एकेका पाहुण्याच्या तोंडापुढे धरलं. ‘वाचा. काय लिहिलंय? शून्य. तेव्हाही हेच होतं. तू म्हणाली होतीस ना गं, यंत्र खोटं बोलत नाही?’

‘म्हणाले होते,’ दुलमा म्हणाली.

मग तिचा तो बसवरचा आवाज कित्येक दिवसांनी बाहेर आला. सगळ्यांनी बाहेर व्हा, ती म्हणाली. शेजारच्या घरी जाऊन बसा, चहा तिकडे प्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले, मग उठले. तुवशिनला तिनं दाराबाहेर कडीला हात लावून उभं केलं आणि सांगितलं, मी हाक मारली की उघडायचं, आणि फार वेळ हाक आली नाही तरी उघडायचं. मग तिनं पातेलं उतरवलं. चुलीत विटा टाकल्या. माथ्यावरची झापड ओढून घेतली, तशी आत दुपारची संध्याकाळ झाली. दार लावलं. सगळ्यात शेवटी, बुतीद रोज रात्री करायची तशी, नळीतली चकती आडवी केली.

‘हे काय चालवलंयस?’ बुतीदनं विचारलं.

‘पाहुणे गेले, ताई. आता तुमच्या घरची हवा बघू.’

दोघी चुलीच्या दोन बाजूंना बसल्या, मध्ये स्टुलावर यंत्र. बराच वेळ शून्यच होतं, आणि बुतीदच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मग सहा झालं. मग अकरा. बुतीद म्हणाली, एवढं तर कुणाकडेही असतं. तिसाच्या पुढे यंत्र किंचाळायला लागलं, तेव्हा तुवशिननं बाहेरून हाक दिली. दुलमा ‘थांब’ म्हणाली.  बुतीद आकड्याकडे बघत होती. साठ. नव्वद. विटा आत लाल व्हायच्याऐवजी काळ्या धुमसत होत्या. कसला वास नव्हता, धूर नव्हता, घर रोजच्यासारखं ऊबदार होतं. एकशे चाळीस.

‘सकाळी ती उठायची तेव्हा एवढं असायचं?’ बुतीदनं विचारलं.

‘जास्त. रात्रभर साठलेलं. आणि राख भरलेली होती तेव्हा किती, ते मला सांगता येणार नाही.’

‘आणि चुलीवर वाकून फुंकायची तीच.’

‘हो.’

बुतीदनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. ‘मी शून्य म्हणायचे तिला,’ ती म्हणाली.

‘शून्य मी आणलं होतं तुमच्या घरात,’ दुलमा म्हणाली. ‘सकाळी या, असं तिनं मला सांगितलं होतं. मी गेले नाही. रात्री माझ्याकडे येते म्हणाली, तर मी परवा ये म्हटलं.’ तिचा आवाज फाटला, आणि तिनं तो सावरला नाही. ‘पोर खरं बोलत होती, ताई. पहिल्यापासून खरं बोलत होती. तुवशिनला हे तुम्ही सांगा. मी सांगून उपयोग नाही.’

दोनशे उलटून गेले. दुलमाला आता स्वतःच्या कानशिलात ठोके ऐकू येत होते. तिनं उठून झापडेची दोरी धरली, तशी बुतीदनं तिचं मनगट पकडलं. त्या म्हाताऱ्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

‘थोडं थांब,’ ती म्हणाली. ‘तिचं कसं दुखायचं, तेवढं तरी कळू दे मला.’

दुलमा थांबली. दोरी तिनं सोडली नाही. यंत्र किंचाळत होतं, बाहेर तुवशिन दारावर थापा मारायला लागला होता. बुतीद डोळे मिटून बसली होती. मग तिनं हळूच उजवा हात उचलला आणि बोटं कपाळाच्या कडेला, भुवईच्या जरा वर टेकवली. अनुजिन टेकवायची तिथेच.

‘इथे,’ ती म्हणाली.

दुलमानं दोरी ओढली.